दारव्ह्याच्या युरोपीय बायका

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले म्हटल्यावर आमच्या सांगलीकडची माणसं एकच विचारतात, "तिकडं काय आहे बघायला?" मी टाचा बघायला गेले होते. आठ दिवसांत तीन तालुक्यांतल्या शंभरावर टाचा बघितल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा स्वतःच्या हातानं धुतल्या. लोक काशीला जाऊन पाय धुतात, मी दारव्ह्याला जाऊन दुसऱ्यांचे धुतले. पुण्याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर घरात बसून कुळीथ निवडायची वेळ आली होती, तेवढ्यात पुण्याच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांचा अभ्यास चालू होता. म्हातारपणी बायकांची हाडं आतून विरळ होतात, साधं घसरलं तरी मोडतात, त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हे दुखणं काही समाजांत जास्त आणि काहींत कमी असतं, कारण ते रक्तातच लिहिलेलं असतं, असं डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी बंजारा, कोलाम, बौद्ध आणि 'इतर' अशा चार खणांत बायका भरायच्या होत्या.

"डॉक्टर, मला चौतीस वर्षांत फिल्मवर जात कधी दिसली नाही," मी म्हणाले.

"तुमचं मशीन जुनं होतं," ते म्हणाले.

नवीन मशीन त्यांनी पाठवलं. शिलाई मशीनच्या डब्याएवढं. त्यात टाच ठेवायची, जेल लावायचा, आतून आवाजाच्या लहरी जातात आणि पडद्यावर आकडा येतो. हिरवा आला तर हाड चांगलं, पिवळा आला तर जपून राहा, लाल आला तर चिठ्ठी. चिठ्ठी महत्त्वाची. ती मिळाली की नागपूरला मोठ्या यंत्रावर फुकट तपासणी आणि वर्षभराच्या गोळ्या. बाकीच्यांना एक केळं आणि धन्यवाद.

आकडा येण्याआधी मात्र मशीन विचारतं, बाई कुठल्या वंशाची? चार बटणं आहेत. युरोपीय, आफ्रिकी, लॅटिन, आशियाई. ज्याचं बटण दाबाल त्या वंशाच्या तरुण बायकांशी तुमची टाच ताडून बघितली जाते. 'भारतीय' बटण नाही. डॉक्टरांची आज्ञा होती, सगळ्यांना आशियाई. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलं होतं की ते आशियाई आकडे लांब पूर्वेकडच्या बायकांवरून काढलेत. म्हणजे मी निघाले होते ती दारव्ह्याच्या बायकांची टाच जपान-कोरियाकडच्या मुलींशी ताडून बघायला.

दारव्हा

माझी सोबत म्हणून तिथल्या आशा सेविका होत्या, वंदनाताई. चाळिशीच्या, बोलायला तिखट, चालायला त्याहून जोरात. पहिल्या सकाळी त्यांनी मला स्टँडजवळच्या हॉटेलात पोहे खायला नेलं. आमच्याकडं पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पडते. इथं पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री पडते, तीही न विचारता. मी सांगलीची, तिखटाचा मला फार गर्व. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

"मॅडम, तिखट लागलं काय?" वंदनाताई.

"छे! गरम आहे."

"हाव, गरमच असते थे," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं शांतपणे पाण्याचा ग्लास सरकवला. मग कामाचं बोलल्या. "दुपारच्या आत उरका. सोयाबीन काढनीले आलं हाये, बाया थांबाच्या नाही. तुमचं हाड त्यायले मंग बी भेटन, सोयाबीन भेटाचं नाही."

पिवळी पडलेली शेतं रस्त्याच्या दोन्ही अंगांना होती आणि आश्विनाचं ऊन चटका देत होतं. जीपमध्ये माझ्या मांडीवर मशीन होतं आणि मशीनवर शेजारणीची कोंबडी. कोंबडीनं मशीनवर काय केलं ते मी डॉक्टरांना कळवलेलं नाही.

तांडा

बंजाऱ्यांच्या वस्तीला तांडा म्हणतात. एके काळी यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर हिंडायचे. आता तांडा जागेवर आहे आणि माणसं हिंडतात. शाळेच्या व्हरांड्यात मी दुकान मांडलं. पंचवीसेक बायका आल्या. दोन-चार म्हाताऱ्यांच्या अंगावर आरशांची काचोळी आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बाकीच्या तुमच्या-आमच्यासारख्या साड्यांत.

पहिल्याच बाईला मशीननं नकार दिला. दुसरीलाही. कारण बघितलं तर टाचांना बोटभर भेगा आणि भेगांत काळी माती. लहरी आत जाईनात. पुस्तिकेत यावर उपाय नव्हता, कारण पुस्तिका लिहिणाऱ्यांनी अशा टाचा बघितल्याच नव्हत्या. मग मी चुलीवर पाणी तापवायला सांगितलं, टाचा घासायची वजरी मागवली आणि खाली बसले. पहिल्या म्हातारीनं पाय आखडून घेतला.

"कायले वं माय? पाप लागन मले. पाहुण्याचे पाय आमी धुत असतो."

"मशीनला स्वच्छ लागतं, आजी."

"मंग मशीनले सांग न धुवाले!"

सगळ्या हसल्या. तरी दुपारपर्यंत मी घासत होते आणि माझं कंबरडं मोडायची वेळ आली होती. हाडांच्या अभ्यासात पहिला बळी माझाच जाणार असं वाटलं. शेवटी दोघीतिघी उठल्या आणि आपापसात एकमेकींचे पाय घासायला लागल्या, तेव्हा सुटले.

सहाव्या की सातव्या नंबरला जमनाबाई आली. वय चव्वेचाळीस. अंगानं सडपातळ, पाठीत किंचित वाकलेली, आणि डावं मनगट वेडंवाकडं जुळलेलं. मी मनगटाकडं बघते आहे हे बघून तिनं ते पदराखाली घेतलं नाही, उलट पुढं केलं.

"दोन खेपा मोडलं, बाई. एकदा मोळी उचलताना. अन् एकदा नुसती बादली उचलताना. आता कंबर धरते. तुमच्या मशीनीतून गोळ्या भेटते म्हंते. मले पायजेच हाये."

"पायजेच?"

"दिवाईनंतर ऊसतोडीचा ट्रक येते. मी नाही गेली त मालकाले बी कोनी नेत नाही. एकट्या मानसाचा कोयता नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता."

कुठं जाता म्हणून विचारलं. "तुमच्याच तिकडे, सांगलीच्या बाजूले."

मला इतका आनंद झाला! परमुलखात गावाचं नाव कुणी घेतलं की मला असंच होतं. "अगं, मग तू तर आमच्याकडचीच झालीस की!" मी म्हणाले. ती सौजन्यानं हसली.

फॉर्मवर तिची माहिती भरली. पाळी थांबल्याचं वय? "अठ्ठावीस," ती म्हणाली. मी लिहून घेतलं. आधीच्या बायकांनीही तीस, बत्तीस, एकोणतीस असंच काहीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, इथं वयाचा मेळ कुणाला आहे.

टाच ठेवली. आशियाई दाबलं. आकडा पिवळा आला. लालच्या अगदी उंबऱ्यावर, पण पिवळा.

"पिवळं म्हंजे?"

"म्हणजे बरं आहे," मी म्हणाले आणि केळं पुढं केलं.

जमनाबाईनं केळं घेतलं नाही. "बरं हाये त मोडते कायले?" तिनं विचारलं.

मी पुस्तिका चाळू लागले. तेवढ्यात मागं खुर्चीवर बसलेले नायक पुढं आले. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, नाव मेरसिंग. पांढरं धोतर, जाकीट, खिशात दोन पेनं. सकाळपासून ते मशीनकडं आणि मशीन त्यांच्याकडं बघत होतं.

"मॅडम, हे दुसरं बटन कोनाचं?"

"युरोपीय. तुमचं आशियाई."

"कोन म्हंते? आमचे लोकं बैलं घिऊन थेट युरोपात गेलते. तिकडे आजबी हायेत. असेच घागरे, असेच आरसे, असीच बोली. माह्या भाच्यानं मोबाइलवर दाखोलं. त आमचं बटन थे हाये. तुमी चुकीचं दाबून राह्यल्या."

मी हसले. पण जमनाबाई हसली नाही, म्हणून नुसतं दाखवायला मी युरोपीय दाबलं. तीच टाच, तोच आकडा, पण तिकडच्या बायका हाडापेरानं दांडग्या. त्यांच्या शेजारी उभी केल्याबरोबर जमनाबाई धाडकन लाल झाली. व्हरांड्यात एकच गलका. "पास झाली! जमना पास झाली!"

मी परत आशियाई दाबलं. नियम म्हणजे नियम. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईच्या हाडांत दुसरं काही असो नसो, नियम असतो.  जमनाबाईनं टाच पुसली, चप्पल घातली आणि सोयाबीनकडं गेली. केळं बाकावरच राहिलं.

संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर चढून, रेंज मिळवून मी डॉक्टरांना दिवसाचा गोषवारा दिला. पाळीची वयं ऐकून ते खुर्चीतून उठल्याचा आवाज मला आला. "तिशीच्या आसपास? इतक्या बायका? अहो, हा शोध आहे! या समाजातच लवकर जाते. जनुकीय! अधोरेखित करा." मी लाल पेनानं अधोरेखित केलं. खोटं कशाला सांगू, शोधात आपलाही हात आहे म्हणून मलाही बरं वाटलं.

वंदनाताईंची वस्ती

दुसऱ्या दिवशी बौद्ध वस्तीत गेलो. वंदनाताईंचं माहेर तिथंच. विहाराच्या पायरीवर मशीन लावलं. फॉर्ममध्ये डॉक्टरांनी एक रकाना छापला होता, 'मूळ जात'. वंदनाताईंनी तो वाचला आणि फॉर्म माझ्या हातात परत दिला.

"हे आमी भरत नसतो. छप्पन साली आज्यानं सोडली थे जात. तुमचे डॉक्टर काहून उचलून आनून राह्यले?"

"अहो, हाडांसाठी. धर्म बदलला तरी हाडं..."

"हाडं तेच हाये न? मंग हाडंच पाहा. थे कोन्या देवाले मानते ते कायले पुसता?"

मी रकाना कोरा ठेवला. डॉक्टरांना मागाहून सांगितलं की पेन चालत नव्हतं. त्या वस्तीत हिरवे, पिवळे, लाल, सगळे रंग निघाले. वंदनाताईंच्या आईनं मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडं असं कच्चं तेल वाढलं तर सून माहेरी जाईल. मी मात्र दोनदा मागून घेतलं.

मारेगाव

जिल्ह्याच्या पूर्वेला कपाशीचा मुलूख. बोंडं नुकती फुटू लागली होती. मारेगावपासून आत, टेकडीच्या पायथ्याला कोलामांचं पोड होतं. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. इथल्या बायका तांड्यातल्यासारख्या अघळपघळ नाहीत. लांब उभ्या राहून त्यांनी मला आणि मशीनला नीट बघून घेतलं. मग लच्चीबाई नावाच्या म्हातारीनं कोलामीत काहीतरी म्हटलं आणि तिच्या सुनेनं मराठीत सांगितलं, "म्हंते, पहिले तुमी पाय घाला. पाहू काय होते."

मागं हटायला जागा नव्हती. मी टाच ठेवली. पिवळा आला, लालच्या शेजारघरचा. माझ्यामागून लच्चीबाईनं ठेवली. वय कुणाला ठाऊक नाही, पण नातवाला मिशा होत्या. हिरवा! नुसता हिरवा नव्हे, मशीनला बोलता आलं असतं तर त्यानं नमस्कार केला असता.

सगळ्या पोडाला माझी दया आली. लच्चीबाईनं कमरेच्या डबीतून चुना काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि खा म्हणून खूण केली. सुनेनं समजावलं, "हाडं पक्के होते म्हंते." मी म्हटलं, नुसता चुना खाऊ नये, तोंड भाजतं. लच्चीबाई सुनेला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. त्याचा अनुवाद मला मिळाला नाही. जेवायला मात्र थांबवून घेतलं. अंबाडीची आंबट भाजी आणि भाकर, पळसाच्या पानावर.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बघा! कोलामांत चांगली जनुकं आहेत." तोवर माझ्यापुढं लच्चीबाईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची टाच होती. लाल. तिनं सात लेकरं अंगावर पाजलेली, त्यातली चार राहिलेली, आणि मधली काही वर्षं पोटाला पुरेसं नव्हतं, असं सून सांगत होती. एकाच आईच्या दोघी.

"अपवाद," डॉक्टर म्हणाले.

मी 'अपवाद' लिहिलं. तिला चिठ्ठी दिली, ते बरं झालं.

वणी

वणीत मुक्कामाला गेले आणि पांढरा रुमाल नेल्याचा पश्चात्ताप झाला. कोळशाच्या खाणींचं गाव. ट्रक जातात, येतात, आणि आपल्या पोह्यांवर थोडं थोडं काहीतरी ठेवून जातात. इथं माझा जेल संपला. औषधाच्या तीन दुकानांत विचारलं. चौथ्यानं आत्मविश्वासानं एक बाटली काढून दिली, ती केसांना लावायच्या जेलची निघाली. आधी स्वतःच्या टाचेवर लावून बघितला; आकडा तोच आला, वास मात्र नवरदेवाचा. उरलेल्या बायकांच्या टाचा त्या दिवशी लग्नघरासारख्या घमघमत होत्या. एकीनं तर उरलेला जेल पोराला न्यायला मागितला.

पुन्हा दारव्हा

मशीन परत पाठवायचं होतं ते वंदनाताईंच्या घरून. म्हणून शेवटच्या दिवशी दारव्ह्याला आले. बाजाराचा दिवस होता. वंदनाताईंच्या ओट्यावर जमनाबाई बसलेली दिसली. शेजारी मेरसिंग नायक. सकाळपासून वाट बघत होते म्हणे.

"चिठ्ठी," ती म्हणाली. एवढंच.

मी तिला समजावायला बसले. फार प्रेमानं, हे मुद्दाम सांगते. म्हणाले, जमनाबाई, आकड्यात तू बसत नाहीस, पण वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यामुळं मोठा शोध लागला आहे. तुमच्या समाजात बायकांची पाळी लवकर जाते. तुमच्या रक्तातच आहे ते.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग वंदनाताईंकडं, ही बाई येडी आहे का अशा नजरेनं.

"जात नाही, बाई. काढते. पिशवी काढली न माही."

"पिशवी? अठ्ठाविसाव्या वर्षी? कशाला?"

"अंगावरून लय जाये. कंबर दुखे. चार दिस खाडा पडे कामाले. मुकादम म्हने, दोन लेकरं झाले न, आता कायले ठेवतं? काढून टाक, कटकटच जाते."

"आणि काढली कुठं?"

"तुमच्याकडेच. कारखान्याच्या रस्त्यानं एक दवाखाना होता. मले काढली, माह्या जावेले काढली. तांड्यात तुमी पाय धुतले न, त्यातल्या सात जनीची तिकडेच काढली. डॉक्टर लय चांगला होता. आठ दिसांत मोळी उचलू देल्ली."

वंदनाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "पिशवीसंगं अंडाशय बी काढलं असन, मॅडम. कागद कोनाजवळच नाही. मी पुसलं होतं समद्यायले."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या फारमात त्याचा रकाना कुठी हाये?"

खरंच नव्हता. तीन पिढ्यांची जात लिहायला जागा होती. अठ्ठाविसाव्या वर्षी अंडाशय काढलं की हाडांना सांभाळणारं जे काही शरीरात तयार होतं ते त्या दिवसापासून बंद होतं आणि चाळिशीच्या बाईच्या अंगात साठीची हाडं येतात, हे शिकायला पुण्याला जावं लागत नाही. मला ते माहीत होतं. चौतीस वर्षं हाडं बघून मला एवढं माहीत होतं आणि तरीही मी लाल पेनानं 'जनुकीय' अधोरेखित केलं होतं, कारण समोरची बाई बंजारा होती.

मला लाज वाटली. दिवाळी झाली की आमच्या गावाबाहेर गाडीतळावर ऊसतोडणीवाल्यांची पालं पडायची, लहानपणापासून बघत आले. म्हशीसाठी उसाचं वाढं आणायला आई मला तिथं पाठवायची. त्या बायका हातातला कोयता खाली ठेवून भारा बांधून द्यायच्या. त्यांतल्या एकीचंही नाव मला कधी कळलं नाही, आणि आता जमनाबाई माझ्यापुढं बसून माझ्या गावाकडच्या डॉक्टरांचं कौतुक करत होती.

डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "अरेरे. मग त्या सातही जणींना वगळा. आपला अभ्यास नैसर्गिक फरकाचा आहे."

"आणि चिठ्ठी?"

"वगळलेल्यांना चिठ्ठी कशी देणार? त्या अभ्यासातच नाहीत."

"आवाज येत नाही, डॉक्टर," मी म्हणाले आणि फोन बंद केला. आवाज छान येत होता.

मशीन खोक्यातून परत बाहेर काढलं. त्या सात जणींचे आकडे आत साठवलेले होते. एकेक उघडला आणि वंशाच्या जागी युरोपीय दाबलं. दोघी आधीच लाल होत्या, पाच जणी आता झाल्या. जमनाबाईची चिठ्ठी सगळ्यांत आधी छापून आली. सरकारी नोकरीत जे चौतीस वर्षांत केलं नाही ते वंदनाताईंच्या ओट्यावर पाच मिनिटांत केलं आणि सात युरोपीय बायका दारव्हा तालुक्याच्या पदरात टाकल्या.

मेरसिंग नायकांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. 'युरोपीय' या शब्दावर बोट ठेवलं. "सांगतलं न होतं मी! आता लेखी झालं. मॅडम, याची एक नक्कल मले बी द्या, भाच्याले दाखोतो."

मी त्यांना नक्कल दिली. जमनाबाईनं चिठ्ठी घडी करून पोलक्यात ठेवली, मग उठून माझ्या पायाशी वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले. म्हणाले, "कंबर सांभाळ." 

घरी

पुण्याहून डॉक्टरांचा एकदा फोन आला. यवतमाळच्या आकड्यांत सात युरोपीय कशा निघाल्या, असं विचारत होते. मी नायकांचा नंबर दिला. नायकांनी त्यांना पाऊण तास बैलांचा मार्ग समजावून सांगितला, असं वंदनाताई म्हणाल्या. माझं मानधन मिळालं आणि पुढच्या अभ्यासाला माझी गरज नसल्याचं पत्रही आलं.

वंदनाताई सातही जणींना घेऊन नागपूरला गेल्या. तिथल्या मोठ्या यंत्रावर जात, वंश काही न विचारता साध्या वाकलेल्या पाठींची चित्रं निघाली. जमनाबाईच्या मणक्यांपैकी दोन आधीच दबलेले होते. तिच्या नकळत ते कधीतरी मोडून जुळले होते. गोळ्या मिळाल्या. आठवड्याला एक.

ही हकिगत इथं संपवावी असा माझा विचार होता. पण परवा सकाळी मी अंगणात ऊन खात बसले होते. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, हातात चहा. फोन वाजला.

"बाई, वळखलं का? जमना."

"अगं! कशी आहेस? कुठून बोलतेस?"

"तुमच्याच तिकडून. गाव तुमचं जवळच हाये म्हंते मुकादम. ट्रक आला, आलो आमी."

मागं उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती आणि कोयत्यांचे आवाज.  तू इकडं कशाला आलीस, असं विचारणार होते, पण ते विचारायचं तोंड मला नव्हतं.

"एक पुसाचं होतं," जमनाबाई म्हणाली. "नागपूरच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, गोळी उपाशी पोटी घ्याची अन् मंग अर्धा तास आडवं व्हाचं नाही. बसा नाही त उभं राहा."

"बरोबर. आडवं अजिबात व्हायचं नाही."

"आडवी कुठी होतो मी! उभीच असतो. पन त्या अर्ध्या तासात मोळी डोक्यावर घेतली त चालते का?"

मी कपाळाला हात लावून बसले. तिकडून कुणीतरी तिला हाक मारली, मग पुन्हा मारली.

"सांगा न, बाई, लवकर. गाडी भराची हाये."